मोठा आकडा म्हणजे तीक्ष्ण वस्तरा नव्हे

वस्तऱ्याला घरीच धार लावू पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. तो साधारण असा : "ग्रिटचा, म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा, आकडा जितका मोठा, तितकी धार तीक्ष्ण. म्हणून १२००० किंवा त्याहून बारीक असा एकच भारी दगड घ्यावा, खालच्या दगडांवर पैसे घालवू नयेत. नैसर्गिक दगडांना आकडाच नसतो, तेव्हा त्यांच्या नादी लागू नये. इतक्या बारीक दगडानंतर चामोटी, म्हणजे वस्तरा फिरवायचा चामड्याचा पट्टा, लागत नाही आणि नवा दगड सपाटच येतो, तो घासत बसायचे कारण नाही." सल्ला सोपा आहे म्हणून पटतो. मात्र त्यातले एकेक विधान तपासले तर टिकत नाही, आणि तो मानणाऱ्याचे पैसे तर जातातच, शिवाय गालाची आग होते ती वेगळीच.

आधी आकड्याचे पाहू. ग्रिटचा आकडा धारेची तीक्ष्णता सांगत नाही, दगडातल्या कणांचा आकार सांगतो, आणि तोही सगळीकडे एकाच मापाने नाही. जपानी मानकात १००० म्हणजे सुमारे ११.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, युरोपीय एफ मालिकेत १००० म्हणजे सुमारे ४.५ मायक्रॉन, तर पॉलिश पेपरच्या पी मालिकेत तोच आकडा सुमारे १८ मायक्रॉनचा. जपानी मानकाची यादी ८००० पाशी, म्हणजे साधारण १.२ मायक्रॉनला संपते; त्यापुढचे १२०००, २०००० किंवा ३०००० हे आकडे ज्याने त्याने आपापले ठरवलेले असतात. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे १२००० शेजारी ठेवून त्यातला बारीक कोणता, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही.

"एकच दगड पुरे" हे विधान मला सर्वांत घातक वाटते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा मात्र दगडावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर तो सुमारे १६ अंशांचा होतो. दोन्ही बाजूंचे उतार पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका रेषेत मिळाले, तरच धार झाली असे म्हणायचे, आणि ते मिळवण्याचे काम १००० च्या दगडाचे आहे. बारीक दगड इतके थोडे पोलाद काढतो की हे काम त्याच्याकडून होण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. मी स्वतः एका जुन्या, बोथट वस्तऱ्यावर हा प्रयोग केला आहे. तासभर १२००० वर फिरवल्यानंतर उतार आरशासारखा चमकू लागला, पण भिंगातून पाहिले तेव्हा ती चमक धारेच्या अगदी जवळ येऊन थांबलेली होती आणि काठाशी केसाएवढी मळकट पट्टी तशीच राहिली होती. त्या वस्तऱ्याने केस कापले नाहीत, ओढले. तोच वस्तरा १००० वर नेला, पट्टी पूर्ण जाईपर्यंत घासला, मग ४००० आणि ८००० वर फिरवला, तेव्हा १२००० ला हात न लावताही दाढी नीट झाली.

१००० चे काम पूर्ण झाले की नाही, हे ओळखायला दिवा पुरतो. धार वर करून उजेडात धरावी आणि सरळ तिच्याकडे पाहावे. बोथट जागा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या लकाकतात, तर लागलेली धार डोळ्याला दिसतच नाही. हे ठिपके जाईपर्यंत पुढचा दगड काढू नये. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे : वस्तरा आधीच नीट चालत असेल आणि त्याची धार नुसती राखायची असेल, तर एकच बारीक दगड बराच काळ पुरतो.

नैसर्गिक दगडांना आकडा नसतो हे खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. बेल्जियमच्या आर्देनमधल्या कोटिक्यूल दगडात गार्नेटचे कण असतात. नुसत्या आकाराने पाहिले तर ते बारीक कृत्रिम दगडांतल्या कणांपेक्षा बरेच मोठे भरतात. पण बहुपैलू आणि गोलसर असल्यामुळे पोलादात खोल रुतत नाहीत, आणि त्यामुळेच गालाला मऊ लागणारी धार देतात. त्याच दगडावर पाणी घालून छोटा दगड उगाळला की पातळ गाळ निघतो व काम झपाट्याने होते. गाळ धुऊन नुसते पाणी ठेवले की तोच दगड शेवटचा हात फिरवण्याजोगा होतो. अमेरिकेतला आर्कान्सा दगड तर ग्रिटने नव्हे, घनतेने प्रतवारी करून विकला जातो. नवशिक्याने कृत्रिम दगडापासून सुरुवात करावी असे मीही म्हणेन, कारण खाणीतला प्रत्येक तुकडा वेगळा निघतो आणि तो ओळखायला हात बसावा लागतो.

चामोटीचे थोडक्यात सांगता येते. दगड पोलाद काढतो. चामडे धारेचा सूक्ष्म काठ सरळ आणि स्वच्छ करते. पाठ पुढे ठेवून दर दाढीआधी तीसचाळीस फेरे मारणे कोणत्याही आकड्याच्या दगडाने टळत नाही.

राहिला सपाटपणा. पाठ आणि धार एकाच वेळी टेकत असल्यामुळे दगडातला खोलगटपणा थेट धारेत उतरतो : कुठे पोलाद जास्त जाते, कुठे दगड धारेला लागतच नाही. नवा दगडही याला अपवाद नसतो. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि हिऱ्याच्या सपाट प्लेटवर, ती नसेल तर जाड काचेवर पसरलेल्या वॉटर पेपरवर, पाणी घालून तो घासावा. जिथल्या रेघा पुसल्या जात नाहीत, तो भाग खोल आहे. शेवटची रेघ जाईपर्यंत घासावे आणि मगच त्यावर वस्तरा ठेवावा.