बेसबॉल ‘मेला’ म्हणणाऱ्यांनी आधी तिकिटं मोजावीत

अमेरिकेतल्या खेळांबद्दलचा एक मजकूर मराठी गटांतून अधूनमधून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: बेसबॉल मेला आणि त्याची दुसऱ्या क्रमांकाची जागा बास्केटबॉलने घेतली, सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, जगात शंभर कोटी लोक पाहतात, मेस्सी तिथे खेळायला आल्यापासून सॉकरने बास्केटबॉललाही मागे टाकलं, आणि क्रिकेट आता पहिल्या पाचांत आलं आहे. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक वाक्यांच्या बुडाशी एखादा खरा आकडा सापडतो. फक्त तो आकडा काय मोजतो, हे कुणी पाहिलेलं नसतं. (इथून पुढे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो सॉकर.)

‘बेसबॉल मेला’

२०२४च्या मोसमात मेजर लीग बेसबॉलची ७ कोटी १३ लाख तिकिटं खपली. त्याच सुमाराच्या एकेका मोसमात फुटबॉलच्या एनएफएलची साधारण १ कोटी ९० लाख, बास्केटबॉलच्या एनबीएची सव्वादोन कोटी आणि आइस हॉकीच्या एनएचएलची २ कोटी २९ लाखांच्या आसपास. तिघांची बेरीज केली तरी बेसबॉल पुढेच राहतो. मेलेल्या खेळाची ही अवस्था असेल तर जिवंत खेळाची काय असेल!

पण हाच आकडा उलटा फिरवून ‘बेसबॉलच अव्वल’ म्हणायचीही सोय नाही. बेसबॉलच्या ३० संघांना प्रत्येकी १६२ सामने असतात, म्हणजे मोसमात एकूण २,४३०. एनएफएलचे फक्त २७२. सामन्यामागे पाहिलं तर बेसबॉलला साडेएकोणतीस हजारांच्या आसपास लोक येतात आणि फुटबॉलला सत्तर हजारांना थोडे कमी. शिवाय बेसबॉलचे आकडे विकलेल्या तिकिटांचे असतात, फाटकातून आत आलेल्या माणसांचे नव्हेत. एप्रिलमधल्या थंडीत मंगळवारच्या सामन्याला जाहीर झालेली गर्दी आणि दिसणाऱ्या रिकाम्या खुर्च्या जुळत नाहीत, ते यामुळे.

‘मेला’ हा शब्द बहुधा २०२३च्या वर्ल्ड सिरीजमुळे, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेमुळे, पसरला. तिला अमेरिकेत सरासरी ९१ लाख प्रेक्षक मिळाले, तोवरचा नीचांक. १९७८ साली ही सरासरी ४ कोटी ४० लाखांच्या वर होती, हेही खरं. मात्र २०२३ला टेक्सास आणि ॲरिझोनाचे संघ अंतिम फेरीत होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क यँकीज आणि लॉस एंजेलिस डॉजर्स समोरासमोर आले, म्हणजे देशातली सगळ्यात मोठी दोन शहरं, एकीकडे ॲरन जज, दुसरीकडे शोहेई ओहतानी असे दोन तारे. सरासरी १ कोटी ५८ लाखांवर गेली. एका वर्षात खेळ मरून परत जिवंत झाला नव्हता, शहरं बदलली होती. बेसबॉल हा मुळात गावोगावचा खेळ आहे. बहुतेक सामने स्थानिक वाहिनीवर दिसतात आणि बोस्टनच्या माणसाला सिॲटलच्या सामन्याशी फारसं देणंघेणं नसतं. राष्ट्रीय प्रेक्षकसंख्येत हा रोजचा प्रेक्षक जवळजवळ दिसतच नाही.

बेसबॉलचं खरं दुखणं वेगळंच आहे. एक म्हणजे, स्थानिक वाहिन्यांचा धंदा केबलबरोबर बुडतो आहे. १४ संघांचे प्रक्षेपण हक्क असलेली डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली. दुसरं म्हणजे सामन्याची लांबी. यावर मात्र उपाय झाला आणि तो लागूही पडला. २०२३पासून गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, घड्याळ लावलं: बेस (धावपटू थांबतात ते टप्पे) रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, धावपटू उभा असेल तर २० सेकंदांत (पुढच्या वर्षी १८). उशीर झाला तर फलंदाजाला फुकटचा एक ‘बॉल’ (असे चार झाले की तो पहिल्या बेसवर जातो). २०२२ला ३ तास ४ मिनिटं चालणारा सरासरी सामना २०२३ला २ तास ४० मिनिटांवर आला.

‘बास्केटबॉल दुसऱ्या क्रमांकावर’

कधी असतो, कधी नसतो. गॅलप ही संस्था १९३७पासून विचारत आली आहे की तुम्हाला कोणता खेळ पाहायला सर्वाधिक आवडतो. १९४८ला ३९ टक्के लोकांनी बेसबॉल सांगितला होता. १९७२ला फुटबॉलने त्याला गाठून मागे टाकलं आणि ते स्थान पुन्हा सोडलं नाही. २०१७ला फुटबॉल ३७, बास्केटबॉल ११, बेसबॉल ९ टक्के. २०२३च्या अखेरीस फुटबॉल ४१, बेसबॉल १०, बास्केटबॉल ९, सॉकर ५. दहा आणि नऊमधला फरक अशा पाहणीत येणाऱ्या संभाव्य त्रुटीतच बुडून जातो, म्हणून त्यावरून दुसरा-तिसरा ठरवणं व्यर्थ. त्यात उत्तर एकच द्यायचं असतं. हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात बेसबॉल पाहणारा माणूस ‘फुटबॉल’ म्हणून मोकळा होतो आणि त्याचा बेसबॉल कुठेच नोंदला जात नाही.

बास्केटबॉल जिथे खरोखर पुढे आहे ते ठिकाण म्हणजे खेळाडूंचे चेहरे. हेल्मेट नाही, टोपी नाही, मैदानात एका संघाचे पाचच जण. जगभर ओळखले जाणारे अमेरिकी खेळाडू बहुतांशी एनबीएचे असतात आणि समाजमाध्यमांवर या लीगचा पसारा इतर अमेरिकी लीगपेक्षा मोठा आहे. पण तीन मिनिटांची चित्रफीत पाहणारा पूर्ण सामना पाहतोच असं नाही. १९९८ला, मायकल जॉर्डनच्या शिकागोतल्या शेवटच्या मोसमात, एनबीए फायनल्सची सरासरी २ कोटी ९० लाख होती. २०२४ला १ कोटी १३ लाख.

२०२४चा नाताळ यासाठी पाहण्यासारखा आहे. नाताळ हा एनबीएचा ठेवणीतला दिवस. त्या दिवशी एनएफएलने नेटफ्लिक्सवर दोन सामने ठेवले. दोन्हींना अमेरिकेत सरासरी २ कोटी ४० लाखांच्या घरात प्रेक्षक मिळाले. एनबीएच्या पाच सामन्यांची सरासरी सुमारे ५२ लाख. आणि एनबीएसाठी तो नाताळ गेल्या काही वर्षांतला चांगला होता!

फुटबॉल एवढा पुढे का, याचं एक कारण त्याच्या दुर्मीळपणात आहे. संघाला मोसमात १७ सामने, आठवड्याला एक. एकही चुकवण्यासारखा नसतो. २०२३ साली अमेरिकेत सर्वाधिक पाहिलेल्या शंभर दूरचित्रवाणी प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलचे सामने होते. दुसरं कारण मजकूर लिहिणाऱ्यांना ठाऊकच नसतं: शाळा-कॉलेजांचं फुटबॉल. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १,०७,६०१ जागा आहेत आणि एनएफएलचं एकही मैदान त्याच्या जवळपास जात नाही. शुक्रवारची संध्याकाळ शाळांची, शनिवार कॉलेजांचा, रविवार व्यावसायिकांचा, ही वाटणी नुसती परंपरा नाही. १९६१च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानुसार सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत एनएफएलने त्या वेळांत शाळा-कॉलेजांच्या आड प्रक्षेपण केलं, तर सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्याची तिची सवलत जाते. म्हणून ‘व्यावसायिक खेळांची लोकप्रियता’ एवढंच मोजलं की फुटबॉलचा निम्मा संसार यादीबाहेर राहतो.

‘सुपर बोल शंभर कोटी लोक पाहतात’

नाही. फेब्रुवारी २०२५चा, ईगल्सने चीफ्सना ४०–२२ हरवलं तो सामना अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. अमेरिकेची लोकसंख्या ३४ कोटींच्या आसपास आहे. देशाबाहेरून ८७ कोटी लोक आणणार कुठून? ज्या देशांत प्रक्षेपण पोहोचतं तिथे किती लोक ते पाहू शकले असते, आणि किती जणांनी पाहिलं, या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की असा आकडा तयार होतो. तसंच, दर मिनिटाला सरासरी किती जण पाहत होते हे एक माप, आणि काही मिनिटं तरी किती जण डोकावून गेले हे दुसरं. २०२४च्या सुपर बोलला पहिलं माप १२ कोटींच्या वर होतं आणि दुसरं २० कोटींच्या वर.

जुन्या विक्रमांशी तुलना करतानाही जपावं. नील्सन ही मोजणी करणारी कंपनी २०२०पासून बार, हॉटेलं आणि दुसऱ्यांच्या घरी बसलेल्यांनाही धरते, आणि २०२५च्या सुपर बोलच्या आधी तिने ही व्याप्ती आणखी वाढवली. काही ‘विक्रम’ त्यामुळेही झाले आहेत.

‘सॉकरने बास्केटबॉलला मागे टाकलं’

एमएलएस या अमेरिकेतल्या सॉकर लीगच्या सामन्याला २०२४ला सरासरी २३,२३४ लोक आले, एनबीएच्या सामन्याला अठरा हजारांवर थोडे. दावा इथून आला. पण एनबीए छताखाली खेळली जाते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलसाठी १९,८१२ जागा आहेत; तेवीस हजार माणसं बसवणार कुठे? एमएलएसच्या संघाला घरचे १७ सामने, एनबीएच्या संघाला ४१. एकूण तिकिटांत एमएलएस निम्म्यावर येते. पैशात तर तुलनाच नको: ॲपलबरोबरचा एमएलएसचा प्रक्षेपण करार ठरला तेव्हा १० वर्षांना २.५ अब्ज डॉलर, एनबीएचा नवा करार ११ वर्षांना सुमारे ७६ अब्ज.

सॉकरचा जोर वेगळ्या जागी आहे आणि एमएलएसवरून तो कळत नाही. वर्षानुवर्षं अमेरिकेत सर्वाधिक पाहिली जाणारी सॉकर लीग मेक्सिकोची लीगा एमएक्स होती, तीही स्पॅनिश वाहिन्यांवर. २०२२च्या विश्वचषकाची अंतिम लढत अमेरिकेत इंग्रजी आणि स्पॅनिश मिळून अडीच कोटींहून जास्त लोकांनी पाहिली, म्हणजे २०२४च्या एनबीए फायनल्सच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. तिथला माणूस सॉकर पाहतो, स्वतःच्या देशातली लीग तेवढी पाहत नाही.

‘क्रिकेट पहिल्या पाचांत’

६ जून २०२४ला टी-२० विश्वचषकात डॅलसजवळच्या ग्रँड प्रेरीत अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने, जो ऑरेकलमध्ये सॉफ्टवेअर अभियंता आहे. आपल्याकडे त्याचं कौतुक झालं ते योग्यच. तीन दिवसांनी न्यूयॉर्कजवळ भारत-पाकिस्तान सामन्याला चौतीस हजार लोक आले. ते मैदान तात्पुरतं होतं, स्पर्धेतले तिथले सामने आटोपताच ते उतरवलं गेलं. २०२३ला सुरू झालेल्या मेजर लीग क्रिकेटमध्ये सहा संघ आहेत आणि तिच्या मुख्य मैदानात, म्हणजे त्याच ग्रँड प्रेरीत, सात हजारांच्या आसपास जागा. क्रिकेटसाठी रूपांतर होण्याआधी तिथे बेसबॉल चालायचा, तोही मेजर लीगचा नव्हे.