निबंध तपासायची सोपी रीत

सातवीच्या मराठीचा गठ्ठा आलाय? निबंध बघून पोटात गोळा आलाय? घाबरू नका. परवा आमच्या बेळगावकडच्या मराठी शाळांच्या क्लस्टरला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मास्तरांच्या बैठकीला, जे शिकून आलो, ते तुम्हालाही सांगतो.

निकषांचा तक्ता वाचत बसू नका. तो कन्नडमध्ये आहे आणि झेरॉक्सची झेरॉक्स आहे. विषय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन, अक्षर, प्रत्येकी एक गुण. झालं.

सुरुवात अक्षरापासून करा. अक्षर मोत्यासारखं असलं की उरलेले चार रकाने आपोआप भरतात.

'आपला भारत कृषिप्रधान देश आहे' असं पहिलंच वाक्य असेल तर पैकीच्या पैकी. विषय 'माझा आवडता प्राणी' असला तरी.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर 1962 चे चौदा नियम आणि 1972 चे चार, असे अठरा. सगळे पाठ नसले तरी चालतंय. 'जमीन' दीर्घ, पण 'जमिनीत' ऱ्हस्व, हा एक आला की वर्गभर पुरतो. पोरानं 'जमीनीत' लिहिलं की अर्धा गुण काढा. पुढच्या ओळीत तोच शब्द आला की परत काढा. मग भाषेच्या रकान्यातही काढा. एका चुकीला तीनदा दंड तर बेळगावच्या चन्नम्मा सर्कलचा ट्रॅफिक पोलीसही घेत नाही, पण तो कुठं डीएड झालाय?

आता बोली. इथं मात्र दया नको. खानापूरच्या जंगलाकडचं एक पोरगं. विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. त्यानं लिहिलेलं असं: 'व्हाळाला पाणी आलं. आमी धा जणं काठाला हुबं ऱ्हायलो. बानं पयलं दप्तरं पलीकडं नेली, मग आमाला. दप्तर भिजलं तर नवं घ्यावं लागतंय.' व्हाळाला लाल गोल, आमीला गोल, धाला गोल, हुबंला गोल. पाचपैकी दीड. त्याच गठ्ठ्यात सात पेपर असे, की आकाशात काळे ढग दाटून आले, विजा कडाडल्या आणि मोर पिसारा फुलवून नाचू लागला. साती पेपरांत तोच मोर, त्याच स्वल्पविरामासकट, गाईडातून उडून आलेला. प्रत्येकाला साडेचार.

मी तपासणाऱ्या सरांना म्हटलं, अहो, विषय आहे, मांडणी आहे, शेवटचं वाक्य तर तुम्हाला-मला सुचायचं नाही. उत्तर मिळालं, 'सर, हे प्रमाण मराठी नव्हे.' बरोबर आहे. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, मराठीसाठी काळी फीत लावून फिरणारं आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी माणूस असतंय. आणि 2 नोव्हेंबरला आपण शाळेत येऊन पोराच्या तोंडची मराठी लाल पेनानं गोल करतो! सरकार मराठी दाबतंय म्हणून गळा काढायचा, आणि हे काय चाललंय मग?

गुण आधी ठरवा, रकाने नंतर भरा. एसएटीएसची, म्हणजे सरकारी साइटवर गुण भरायची, शेवटची तारीख आजचीच असते. सर्व्हरचं मी सांगायला नको.

पुरे झाला चावटपणा. अहो, बसून चार पेपर आधी एकत्र वाचा, साडेचारचा कसा दिसतो आणि दीडचा कसा ते ठरवा, मग गठ्ठे वाटा. दोघांनी तपासायचं तर पहिल्यानं दिलेले गुण दुसऱ्याला दिसू देऊ नका. एक चूक एकदाच कापा. तासाभराचं काम आहे. आपण करत नाही, कारण आपल्याला पाचची बस गाठायची असते. आळस आहे हा, त्याला निकषांचं नाव देऊ नका. बारा वर्षांच्या पोरानं डोळ्यांनी बघितलेलं लिहिलं, त्याला आपण शिकवलं की बघू नको, गाईड घे.

त्या सात मोरांतले तीन माझ्याकडं होते. साडेचार मीही दिले, सही मारून. गठ्ठा अजून कपाटात आहे. उद्या दहाला या, खाली काढू.