दहावीचं वर्ष आणि आईचा हिमालय

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मे महिन्यात जे चाललं, ते वाचून माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. विषय साधा होता. ठाण्याची माझी मावसबहीण, वय ४६, यूथ हॉस्टेलच्या ट्रेकला हिमालयात निघाली होती आणि तिचा मुलगा यंदा दहावीत गेला आहे. व्हेकेशन क्लास सुरू झालेले. "पोराची दहावी आणि हिला हिमालय सुचतोय" इथून सुरुवात झाली. मग "आईनं हे एक वर्ष तरी घरात असावं", मग तिच्या नवऱ्याला "तुमच्या जेवणाचं काय?" आणि त्याच रविवारी, त्याच लोकांकडून, मातृदिनाचे मेसेज. त्यात सगळ्यांत जास्त फिरला तो हिरकणीचा.

हिरकणीची गोष्ट आपल्याला पाठ असते. कोजागिरीची रात्र, रायगडाचे बंद दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिथं बुरूज बांधला. पण ती बाई बाळाला घरी ठेवून दूध विकायला गडावर गेली होती, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आमच्या ग्रुपवर असती तर तिलाही विचारलं असतं, बाळ एवढंसं असताना जायची काय गरज होती?

माझ्या आईनं मला त्या बुरुजावर नेलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. खाली बघायला लावलं. माझे पाय लटपटले. ती म्हणाली, "नुसत्या मायेनं कडा उतरता येत नाही रे. ती रोज गड चढायची-उतरायची. पायांना दगड ओळखीचे होते."

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आम्ही भोईवाड्यात दोन खोल्यांत राहायचो. शनिवारी ड्यूटी संपली की रात्रीची शेवटची कर्जत लोकल, उजाडेपर्यंत फलाटावर बसणं, मग कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांच्या वाटेनं राजमाची. पायात हंटर शूज, पाठीवर बाबांनी शिवून दिलेली कॅनव्हासची सॅक. पावसाच्या तोंडावर एकदा तिनं राजमाचीच्या रानात टॉर्च बंद करायला लावला आणि आमच्याभोवतीची झाडं काजव्यांनी एकदम पेटली, विझली, परत पेटली. ते दहा मिनिटांचं अंधारात उभं राहणं मला अजून पुरतं. पस्तिसाव्या वर्षी ती शिवाजी पार्कच्या पालिकेच्या तरणतलावात पोहायला शिकली, माझ्याबरोबर, एकाच बॅचला. चाळीत त्यावर काय काय बोललं गेलं, ते लिहीत नाही.

आणि मे १९९३ मध्ये, माझ्या दहावीचे क्लास सुरू झालेले असताना, ती अकरा दिवस हिमाचलमधल्या चंद्रखणीच्या ट्रेकला गेली. साधारण बारा हजार फुटांची खिंड. जानेवारीत दंगली आणि १२ मार्चला बॉम्बस्फोट झालेलं मुंबईचं ते वर्ष. "गाव पेटलंय आणि ही पोराला टाकून डोंगरात चालली," असं शेजारच्या काकू गॅलरीत मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. बाबा शांतपणे पिठलं-भात लावत राहिले. मी मात्र क्लासमध्ये सांगितलं की आई ऑफिसच्या कामानं दिल्लीला गेली आहे. मला तिची लाज वाटली होती. हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही.

ती परतली तेव्हा नाकाची सालं निघालेली होती. रात्री जेवताना म्हणाली, "बर्फावर एका जागी मला खूप भीती वाटली. रडले थोडी. मग उतरले." मोठ्या माणसानं मला भीती वाटली असं सरळ सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मार्चमधल्या भूमितीच्या पेपराला हात गार पडले, तेव्हा मला तेच आठवलं. आई घरात बसून राहिली असती, तर आठवायला काय होतं?

आता नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला राहून मला वीस वर्षं झाली. बुधवारी माझा पापादाख असतो, म्हणजे बाबानं घरी राहून मुलांना सांभाळायचा दिवस; डबे मी भरतो, आणि कुणी बायकोला विचारत नाही की जेवणाचं काय. आमच्या शेजारच्या आजी ७४ व्या वर्षी एकट्या कॅम्पर गाडी घेऊन नॉर्वेला जातात. त्यांची मुलं फक्त मांजर सांभाळायला येतात. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिच्या स्काउटिंगचं ड्रॉपिंग झालं, म्हणजे पोरांना रानात सोडून द्यायचं आणि त्यांनी वाट शोधत परत यायचं; रात्री साडेअकराला चार पोरं नकाशा घेऊन रानातून परतली. ए डिप्लोमाला, म्हणजे इथल्या मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेला, ती बूट-कपड्यांसकट पाण्यात उतरली, ते माझ्या आईनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि खूश झाली. "बरोबर आहे. पाण्यात पडणारा काय कॉस्च्युम घालून पडतो?"

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहिलं. उत्तर आलं, "तुला तिथं बसून बोलायला काय जातं?"

मी फोन उलटा ठेवला. कारण दोन वर्षांपूर्वी आई, तेव्हा ७० ची, मला म्हणाली होती की तिला नर्मदा परिक्रमा करायची आहे. पायी. आणि मी म्हणालो होतो, "आई, या वयात? बसनं कर हवं तर." तिनं वाद घातला नाही. विषय बदलला, मुलीची शाळा विचारली. मी सात हजार किलोमीटरवर. तिचा पाय घसरला तर मला पोचायलाच दीड दिवस लागेल, ही माझी भीती होती. ती भीती मी तिच्या वयाच्या नावावर खपवली. बाबा गेल्यापासून तिला अडवणारं कुणी नव्हतं. ते काम मी इथून केलं.

आणि मला इथं पाठवलं होतं तिनंच. एकुलत्या एका मुलाला परदेशी धाडू नका, असं सगळे सांगत असताना सहारच्या विमानतळावर ती म्हणाली होती, "परत यायचंच असं ठरवून जाऊ नकोस, नाहीतर तिथलं काही दिसणारच नाही तुला." मी तिचं अक्षरशः ऐकलं. परत गेलो नाही. इथं मला जे काही जमलं, सायकलवरून पडत-झडत डच शिकण्यापासून घर घेण्यापर्यंत, ते तिच्या पायांनी जमलं. पण माझ्या पायांचा तिला काय उपयोग झाला?

मावसबहीण शेवटी ट्रेकला गेली. आई ७२ व्या वर्षी भोईवाड्याहून तिला सोडायला मुंबई सेंट्रलला गेली, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि स्वतःची लोकरीची टोपी घेऊन. त्या रात्री मी फोन केला. दिल्लीच्या कामाची थाप आधी सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मला माहीत होतं. क्लासच्या सरांनीच विचारलं होतं, दिल्लीचं काम झालं का."

मग मी परिक्रमेचं विचारलं. सगळी नाही, पण पहिले पंधरा दिवस, ओंकारेश्वरपासून, मी येतो म्हणालो.

"पंधरा दिवसांची सुट्टी मिळते तुला?"

मिळते, म्हणालो.

"मग जानेवारीत ये. आणि तोवर रोज दहा किलोमीटर चालायला लाग. सायकल नको. चालायला."