बेकु आणि बेडा

बंगळूरला आयुष्यात पहिल्यांदा निघालो तेव्हा ‘तिथं काय बघणार?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ‘बागा’ असं उत्तर दिलं. बावन्नाव्या वर्षी, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट अजून टेबलावर पडलेला असताना, ‘डोसे खायला चाललोय’ असं चारचौघांत सांगता येत नाही. गाडीही थापेला शोभेल अशीच मिळाली. उद्यान एक्सप्रेस. दुपारी सोलापुरात बसायचं, सकाळी बंगळूरला उतरायचं.

भाचा तिकडं आयटीत. त्यानं एक्सेलची शीट पाठवली होती. डाव्या रकान्यात खाणं, उजव्या रकान्यात ते जिरवायची बाग. हिनं ती पाठ केली, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि पिशवीच्या तळाशी कडक भाकरीची चवड आणि शेंगांची चटणी सरकवली.

“अगं, आपण खायलाच चाललोय ना?”

“असू दे.”

या ‘असू दे’ला सोलापुरात अपील नाही.

हिचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं कन्नड घरचंच. माझं मूळ गाव साताऱ्याकडं, त्यामुळं मला कन्नड येतं ते फक्त हिला राग आला की कानावर पडतं तेवढंच. गाडीत हिनं मला दोन शब्द शिकवले. बेकु आणि बेडा. एकाचा अर्थ ‘पाहिजे’, दुसऱ्याचा ‘नको’. विसरू नये म्हणून मी खूणगाठ बांधली : बेकु म्हणजे बेकार, म्हणजे नको. आणि बेडा पार झाला की चांगलंच असतं, म्हणजे पाहिजे. पुढचे तीन दिवस माझं जे काही झालं ते या खूणगाठीनं केलं.

पहिला मान गांधीबाजारातल्या विद्यार्थी भवनचा. 1943 सालचं हॉटेल, तिथला मसाला डोसा म्हणजे बंगळूरचं दैवत. व्हाइटफील्डहून मेट्रोत बसलो, मॅजेस्टिकला गाडी बदलली, उतरून चालत गेलो, तर दार बंद. त्या दिवशी शुक्रवार होता आणि शुक्रवारी ते बंद असतं. ही गोष्ट अख्ख्या बंगळूरला ठाऊक आहे. फक्त शीटला नव्हती.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “सॉरी मामा, मी तरी कुठं गेलोय? सहा वर्षं मीटिंगच चालू आहे.”

मग रिक्षा केली शंकरपुरमच्या ब्राह्मिन्स कॉफी बारला. भाडं ठरवताना मी सलगी वाढवावी म्हणून रिक्षावाल्याला हिंदीत सांगितलं, की हे शहर एके काळी आमच्या शहाजीराजांची जहागीर होतं, बाल शिवाजीसुद्धा इथं राहून गेले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दो सौ.” पुढं तीन लाखांचा सौदा होऊन बंगळूर म्हैसूरच्या वोडेयरांकडं गेलं, हे मी मग सांगितलंच नाही. तीन लाखांत आज तिथं दोन खोल्यांचं डिपॉझिटही भागत नाही, असं भाचा म्हणतो.

ब्राह्मिन्समध्ये जिन्नस मोजके. इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी. सांबार नाही, फक्त चटणी. मला वाटलं, चला, सकाळी सकाळी दोन घास भाताचे. एक खारा भात, एक केसरी भात असं टोकन घेतलं. समोर आला उपमा. आणि त्याच्या शेजारी शिरा.

मी काउंटरपाशी परत गेलो. हिंदीत म्हटलं, “हा उपमा आहे.” तो म्हणाला, “खारा भात.” मी म्हटलं, “आणि हा शिरा.” तो म्हणाला, “केसरी भात.” आवाजात पहिलीच्या गुरुजींची चिकाटी होती. मागं रांगेतले एक आजोबा पुढं होऊन समजावू लागले, की दोन्ही एका ताटलीत पाहिजे असेल तर त्याला चौ-चौ भात म्हणायचं. म्हणजे ज्या गावात कशातच भात नाही तिथं नसलेल्या भाताचे तीन प्रकार. (खऱ्या भाताचा बिसी बेळे भात मला दोन दिवसांनी भेटला. तोवर मी त्यालाही सांजा समजून टाळत होतो.)

इडलीबद्दल मात्र एक शब्द वावगा बोलणार नाही. फुटपाथवर उभं राहायचं, हातात स्टीलची ताटली, तिच्यात चटणीच्या तळ्यात बुडालेल्या दोन इडल्या. चमचा लावला की इडली तुटत नाही, बाजूला होते. चटणी पातळ, हिरवट, शेवटी जरा झणझणीत. ती मी इडलीच्या आधीच संपवली. चटणीवाला भांडं घेऊन आला. “चटणी बेका?” माझा चेहरा उजळला. “बेडा! बेडा!” तो निघून गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मी ताटली पुढं करून जास्तच आर्जवानं म्हटलं, “बेडा!” त्यानं ताटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि लांबून वळसा घालून पुढच्या माणसाकडं गेला. ही शेजारी मान खाली घालून खात होती. हसत होती हे मला खांद्यांवरून कळलं.

तिथून लालबाग. शेजारच्या काकूंचा फोन आला. लालबागेत आहोत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “मग राजाचं दर्शन झालं का?” डिसेंबर महिना होता. त्यांना सांगितलं, की इथल्या लालबागेत राजा नाही, दगड आहे. हैदरअलीनं 1760 साली सुरू केलेली ही बाग, 240 एकर, आणि आत एक प्रचंड उघडाबोडका खडक. वय तीनशे कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढं शेंबडं पोर. त्या खडकावर मी धापा टाकत उभा राहिलो तेव्हा बरं वाटलं. त्या आसपास वयानं सगळ्यात लहान मीच होतो.

चूक उतरताना झाली. हिला काचघर बघायचं होतं, मला तळ्याकाठी टेकायचं होतं. “गेटवर भेटू,” असं मी म्हटलं. सोलापुरात हुतात्मा बागेत हे वाक्य चालतं. लालबागेला गेटं चार. मी एका गेटवर अर्धा तास उभा राहिलो, मग दुसऱ्या गेटवर गेलो. फोन केला तर ही म्हणाली, “मी गेटवरच आहे की!” चौथ्या गेटवर ती सापडली तेव्हा बाकावर बसून पेरू खात होती. माझे पाय शिंगासारखे ताठ झाले होते. तिनं घड्याळ पाहिलं. “पावलं कमी पडली आजची. अजून एक फेरी मारावी लागेल.” माझ्या चार गेटांचा हिशेब त्या घड्याळात कुठंच नव्हता, कारण ते तिच्या मनगटावर होतं.

शनिवारी भल्या सकाळी पुन्हा विद्यार्थी भवन. बाहेर ताटकळलो, पण आत बसल्यावर जे पाहिलं त्यासाठी अजून तासभर उभा राहिलो असतो. वाढपी स्वयंपाकघरातून निघतो तेव्हा त्याच्या एका हातावर, तळव्यापासून थेट दंडापर्यंत, डोशांच्या ताटल्यांचा मनोरा असतो. चालीत घाई नाही, चेहऱ्यावर प्रयत्न नाही. आमच्याकडं वरात नाचवणारेसुद्धा इतके सावध नसतात. डोसा बाहेरून तांबूस कुरकुरीत, आतून मऊ, आणि तुपाचा वास टेबलावर त्याच्याआधी पोचलेला. खाऊन हात पुसतोय तोच वाढप्यानं विचारलं, “इन्नोंदु बेका?” आणखी एक हवा का, एवढं आता कळत होतं. पोट गच्च होतं. मी ठामपणे म्हटलं, “बेकु.”

दुसरा डोसा आला.

तो परत कसा पाठवणार? माझ्या खुर्चीमागं तीन माणसं जागेसाठी उभी होती आणि तिघंही माझा घास मोजत होती. संपवला. वर कॉफी. ती मात्र बाय-टू, म्हणजे एकीच्या दोन वाट्या. काटकसरीला इतकं सुटसुटीत नाव देणाऱ्या शहराबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

ते ओझं घेऊन कब्बन पार्क गाठलं. 1870 सालची बाग, इतकी गर्द झाडी की ऊन विचारून आत येतं. बांबूच्या बेटाजवळून जाताना झाडाखाली पाचपन्नास माणसं चटया अंथरून बसलेली दिसली. सगळी गप्प, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. शनिवारी सकाळी हे लोक असे एकत्र येऊन मुकाट्यानं वाचत बसतात म्हणे. मला भरून आलं. दोन डोसे होतेच. हिच्या पिशवीतला रेल्वेतला पेपर काढून मीही कडेला बसलो.

पुढचं मला हिनं सांगितलं. पहिल्या घोरण्याला दोघांनी पान उलटायचं थांबवलं. तिसऱ्याला एक कुत्रं उठून बसलं. शेवटी पंचविशीची एक मुलगी हलकेच येऊन हिच्या कानात काहीतरी बोलली, आणि हिनं अस्खलित कन्नडमध्ये तिला सांगितलं, की हे कोण आहेत मला माहीत नाही.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसलो. सकाळी लालबाग रोडवर एमटीआर हॉटेलातली रवा इडली झाली होती. महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून निघालेली ही इडली मी शांततेच्या काळात चार खाल्ल्या. संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत काय काय झालं ते डॉक्टरांनाही सांगणार नाही. गाडी सुटली तशी हिनं पिशवीच्या तळाशी हात घातला. कडक भाकरी, शेंगांची चटणी.

“वाढू?”

तीन दिवसांत कन्नड माझ्या अंगात पुरतं मुरलं होतं. मी पोटावर हात ठेवून, अर्थ नीट आठवून, स्वच्छ उच्चारात म्हटलं, “बेडा.”

“बरं,” ती म्हणाली आणि दोन भाकरी पुढ्यात ठेवल्या.