फॅब्रिकेशनचा गाळा टाकताय? मग एवढं कराच

अभिनंदन! गाळा मिळाला, शटर लागलं, वेल्डिंग मशीनला हारही घातलात. आता धंदा वाढवायचे उपाय ऐका.

काळी काच आणू नका. गेल्या आठवड्यात आमच्या फाटकाची बिजागरी जोडायला एक पोरगं आलं, डोळ्यांवर जत्रेतला गॉगल. हँडशील्ड, म्हणजे तोंडापुढे धरायची काळ्या काचेची ढाल, कुठंय विचारलं, तर मालक फोनवर म्हणाले, "त्याला सवय आहे हो." दुसऱ्या दिवशी उरलेले टाके मारायला दुसराच पोरगा आला. पहिल्याच्या डोळ्यांत रात्रभर वाळू टोचत होती म्हणे, नुसत्या पाण्याच्या धारा. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. मालकांनी त्याचा खाडा मांडला. आणि या दुसऱ्याच्या डोळ्यांवर? तोच गॉगल! अहो, आर्कची, म्हणजे वेल्डिंगच्या त्या झगझगीत ज्योतीची, अतिनील किरणं बुबुळ भाजतात आणि दुखणं काही तासांनी, घरी गेल्यावर सुरू होतं. म्हणून तुम्हाला ते नाटक वाटतं. १०-११ नंबरची काच लागते हो, वडापाव-चहाच्या पैशांत येते! मशीनला हजारो मोजलेत आणि इथे हात आखडला?

असो. पुढचा उपाय.

जीआय पाइपवरचा जस्ताचा मुलामा वेल्डिंगआधी घासत बसू नका. जळत्या जस्ताच्या धुराने संध्याकाळी कारागिराला हुडहुडी भरून ताप आला, तर मलेरिया म्हणा आणि गूळ द्या. एक-दोन दिवसांत उतरतो, पुन्हा पाइप हातात द्या.

डिझेलचं पिंप कापायला आलं तर वाकून बघा. रिकामं दिसतंय ना? आतली पेटणारी वाफ थोडीच दिसते! लावा आर्क.

एक्झॉस्ट फॅनच्या जागी देवाचा फोटो लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोग करतोच अशा गटात टाकला, तंबाखूच्या धुराबरोबर. तुमच्या गाळ्यात मात्र मशेरीवरूनच बोलणी बसतात.

कायद्याला भिऊ नका. १९४८ चा कारखाने कायदा विजेवरच्या कारखान्याला १० कामगार मागायचा, कामगार सुरक्षेची नवी संहिता २० मागते. तुमच्याकडे तिघं, म्हणजे तुम्ही कारखानाच नाही. मग तपासणार कोण, डोंबल?

पुरे झालं. कसली सवय आणि कोणाला? स्वतःचा मुलगा गाळ्यावर आला की "तिकडे बघू नको रे" म्हणून ओरडता ना? म्हणजे कळतं तुम्हाला. आणि ग्रिलच्या किलोमागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांनो, काच कुठंय हे विचारायला तुमची जीभ का जड होते? प्रत्येकाला हँडशील्ड द्या, रस्त्याच्या बाजूला पडदा लावा, पंखा बसवा. परवडत नसेल तर शटर ओढा आणि दुसरा धंदा बघा.