संकल्प रात्रीच्या जेवणाला बांधा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या नाशकात कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आणि गोल्फ क्लब मैदानावर नव्या बुटांची गर्दी होते. तिळगूळ वाटून होईस्तोवर वर्षानुवर्षं येणारे तेच चेहरे उरतात. मग 'आजकाल लोकांना चिकाटीच नाही' असं म्हणायला सगळे मोकळे! मला हे अजिबात पटत नाही.

चिकाटी नसती, तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांत माणसं वर्षानुवर्षं पाळ्या बदलत राबली असती का? सकाळी सातच्या आत दोन-तीन डबे भरून ठेवणाऱ्या बाईला शिस्त कोण शिकवणार? चुकतं ते संकल्पाचं माप. निफाडचा पारा एक आकडी होतो, नाशकात पहाटे पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही, आणि आपण नेमकं तेव्हाच ठरवतो की उद्यापासून पाचला उठून तासभर पळायचं. तो तास आणायचा कुठून?

माझं म्हणणं एवढंच आहे, की दिवसात नवी जागा शोधत बसू नका. जे रोज होतंच, त्याच्या पाठीला नवी सवय जोडा.

आपल्याकडे शतपावली होतीच की! जेवण झालं, चला. बाबांना शुगर निघाली तेव्हा आमच्या घरी तीच परत सुरू झाली. ताटं उचलली की आई ओटा आवरते, बाबा कानटोपी घालून दारात उभे. 'चल गं, आटप लवकर.' सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायचं आणि परत. पाऊस असला तर खाली पार्किंगमध्येच फेऱ्या. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे ती एकदम चढत नाही. गोळ्या अर्थातच चालू आहेत, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नयेत. पण या चालण्यासाठी कुणाला गजर लावावा लागत नाही. जेवण हाच गजर.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे फॉरवर्ड दर जानेवारीत येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये छापून आला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची होती, जसं दुपारच्या जेवणासोबत फळ खायचं. ती अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट 254 दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा 66. म्हणजे 1 जानेवारीला सुरू केलं तर मार्च उजाडतो, आणि एखाद्याला गणपतीही येतील. आपण मात्र संक्रांतीलाच स्वतःला नापास करून टाकतो! त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला फार मोलाची वाटते. मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. पाहुणे आले, लग्न निघालं, डबल ड्युटी लागली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं. बस्स.

वाचनाचंही तसंच. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. महिन्याला चार पुस्तकं वगैरे जाहीर करू नका, झोपण्याआधी दोन पानं वाचा.

एक गोष्ट मात्र घरातल्या पुरुषांना कळकळीने सांगायची आहे. तुमच्या घरातल्या बाईने 'मी रोज थोडं चालणार' असं म्हटलं, तर तिला नुसतं 'छान' म्हणू नका. तेवढ्या वेळात भांडी घासा, मुलांचा अभ्यास घ्या, आजींना गोळ्या द्या. तिचा संकल्प बहुतेक वेळा तिच्या आळसापायी मोडत नाही, तो घरातल्या हाकांपायी मोडतो. हा बदल तिच्या एकटीने करायचा नाहीच.

माझं यंदा ठरलंय. सकाळचा चहा उकळून कपात पडेपर्यंत मोबाईलला हात लावायचा नाही. तुम्ही कशाला काय जोडताय, ते खाली लिहा. पण छोटंच लिहा, तुमच्या सगळ्यात धावपळीच्या दिवशीही जमेल एवढं.