‘निष्क्रिय’ टायटॅनियम आणि जंतू मारणारा लेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

हाडात बसवल्या जाणाऱ्या इम्प्लांटवरच्या (कृत्रिम रोपणावरच्या) माझ्या लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत. टायटॅनियमला मी ‘निष्क्रिय’ म्हटलं, ते चूक. आणि इम्प्लांटवर प्रतिजैविकाचा लेप दिला की जंतूंचा प्रश्न मिटतो, मग प्रतिकारपेशींचं एवढं पुराण कशाला?

पहिला मान्य. ‘शरीर त्याची दखलही घेत नाही’ हे वाक्य ऐकायला छान होतं, पण खोटं होतं. इम्प्लांट हाडात बसताच काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात. पुढे येणाऱ्या पेशींची गाठ पडते ती या थराशी, धातूशी नव्हे. आणि पंचाईत अशी की जंतूंचाही डोळा त्याच थरावर असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूकडे त्या थरातली फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं घट्ट धरून ठेवणारी खास प्रथिनं असतात. संशोधक ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यातली पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं होतं.

दुसरा आक्षेप मात्र पटला नाही. १९८२ मध्ये संशोधक झिमर्ली आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगांच्या कातडीखाली सच्छिद्र पिंजरे बसवले. त्यांत स्टॅफिलोकॉकसचे जेमतेम १०० जंतू सोडले, तरी ९५ टक्के पिंजऱ्यांत संसर्ग झाला. परकी वस्तू नसताना १० कोटी टोचूनही गळू झालं नाही! जंतू तेच, प्राणी तेच. फरक होता न्यूट्रोफिलांत, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत. पिंजऱ्याच्या आत ते हजर होते, पण जंतू गिळण्याची आणि मारण्याची त्यांची ताकद घटलेली होती. जी वस्तू गिळताच येत नाही तिच्यापाशी ते आपला दारूगोळा आधीच उडवून बसतात.

लेप कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळलेलं हाडाचं सिमेंट सांधेरोपणात अनेक दशकं वापरात आहे. पण औषध झिरपून संपतं, इम्प्लांट तिथेच राहतं. पुढे कधी रक्तातून जंतू आले तर सामना पुन्हा त्याच थकलेल्या पेशींशी. प्रतिजैविकाऐवजी जंतुनाशक चांदीचा लेप दिला आणि तिचं प्रमाण वाढवत नेलं, तर हाड घडवणाऱ्या पेशीही मरतात.

दाह म्हणजे निव्वळ बिघाड, हेही तुमच्या लिहिण्यात डोकावतं. सुरुवातीचा दाह दाबून टाकला तर हाड भरायलाच अडचण येते. मॅक्रोफेज (जंतू आणि मोडतोड गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) आधी आक्रमक होतात, मग डागडुजीकडे वळतात. ते वळलेच नाहीत तर हाडाऐवजी तंतुमय आवरण तयार होतं. (कृत्रिम सांध्यातल्या झिजलेल्या पॉलिएथिलिनच्या (प्लॅस्टिकच्या) कणांमुळे हाच दाह वर्षानुवर्षं धुमसतो, हाड झिजतं आणि एकही जंतू नसताना सांधा सैल होतो. त्यावर कुठला जंतुनाशक लेप देणार?)

मूळ लेखातलं ‘निष्क्रिय’चं वाक्य आज काढलं आहे. लेपाचा परिच्छेद तसाच ठेवतोय.